मूर्तिजापूर : शकुंतलेचं जंक्शन

मुंबई-हावडा मार्गावर अकोला आणि बडनेऱ्याच्या मध्ये मूर्तिजापूर लागतं. गाडी थांबलीच तर जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात चहा घ्यायचा की स्टेशन बघायचं? त्यामुळे इथली पलीकडची बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

तिकडचे रूळ अडीच फुटी. एक फाटा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जातो, 76 किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, 113 किलोमीटर. कागदोपत्री नॅरोगेज, वऱ्हाडात मात्र हिचं नाव शकुंतला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने ही लाईन टाकली ती कापसासाठी. माणसं नंतरची. बैलगाडीतून कापूस जिनात यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधून वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढायच्या. मूर्तिजापुरात खरी मेहनत सुरू व्हायची. अडीच फुटी रुळांवरची वाघीण ब्रॉडगेजवर जाणार कशी? मग पावणेदोनशे किलोच्या आसपासची एकेक गाठ हमालांनी इकडून काढायची आणि तिकडे रचायची. पुढे मुंबई बंदर, तिथून मँचेस्टर. गंमत म्हणजे ही गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. 1923 पासून ते इथे राबलं, 1994 मध्ये डिझेल आलं तेव्हा सुटलं.

देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण शकुंतलेची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वे. खर्च कुणी करायचा, या प्रश्नावर रूळ झिजत गेले. वेग ताशी वीस किलोमीटरच्या घरात आला. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की उघडायचा आणि धावत येऊन डबा पकडायचा. तरीही डबे भरलेले असत, कारण एसटीपेक्षा तिकीट कितीतरी स्वस्त. मजुरीला जाणाऱ्या बाईला वेळेपेक्षा ते पैसे मोलाचे.

आधी यवतमाळची गाडी बंद झाली, नंतर अचलपूरची.

आता वारसा म्हणून शकुंतला जपा, असं म्हणणारे आहेत आणि ब्रॉडगेज करा म्हणणारेही. माथेरानची छोटी गाडी पर्यटकांच्या जिवावर चालते. अंजनगावला कोण पर्यटक येणार? यवतमाळकडे वर्ध्याहून ब्रॉडगेज सरकते आहे, 2024 मध्ये ती कळंबपर्यंत पोचली. अचलपूरकरांना मात्र आजही रेल्वे हवी तर दुसरं गाव गाठावं लागतं. त्यांना ब्रॉडगेज नाकारून वारसा जपण्यात काही अर्थ नाही. पण त्यासाठी मूर्तिजापूरचं नॅरोगेज यार्ड भंगारात काढायचीही गरज नाही. दोन मापांचे रूळ शेजारीशेजारी, आणि त्यांच्यामधली ती गाठी बदलण्याची जागा, एवढं जरी राखलं तरी वऱ्हाडचा कापूस कुठल्या वाटेने गेला, ते शाळेतल्या पोरांना उभं राहून दाखवता येईल.