पट्टी घेऊन लेन्स बघायला जा

पडद्यावर दिसतेय ती शाळेतली साधी प्लॅस्टिकची पट्टी आहे. मॅक्रोवर, म्हणजे बारीक गोष्टींच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंवर, बोलायचं तर पहिला फोटो कोळ्याच्या आठ डोळ्यांचा असणार असं तुम्हाला वाटलं असेल. कोळी येईल नंतर. आधी पट्टी, कारण मॅक्रोच्या नावाखाली मी जे पहिले पैसे घालवले, ते जवळ पट्टी नव्हती म्हणून.

लेन्स झूम होती, ७० ते ३०० मिलिमीटरची. अंगावर सोनेरी अक्षरांत 'मॅक्रो' लिहिलेलं. घरी आणून मुंगीवर रोखली, तर फोटोत मुंगी स्वल्पविरामाएवढी. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. महिनाभर चुकत राहिलो. मग एकदा वैतागून पट्टीचा फोटो काढला. लेन्स जितक्या जवळून फोकस होईल तितकी पुढे नेली, पट्टी फ्रेममध्ये सरळ आडवी धरली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत किती मिलिमीटर मावतात ते मोजलं. ९४ भरले. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत चित्र जिथे उमटतं ती चकती, एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. ९४ भागिले २३.५, उत्तर ४. वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराच्या पावपट उमटत होती. याला म्हणायचं एकास चार. खरी मॅक्रो म्हणजे एकास एक: सहा मिलिमीटरची मुंगी सेन्सरवरही सहा मिलिमीटरचीच पडली पाहिजे. झूमवरचा 'मॅक्रो' हा शब्द बहुतेक वेळा 'थोडं जवळून जमतं' एवढंच सांगत असतो.

हा हिशेब कुठल्याही कॅमेऱ्याला लागू आहे. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, त्यामुळे एकास एकला पट्टीचे ३६ मिलिमीटर दिसतील. एपीएस-सीवर २३-२४. दुकानात, मित्राच्या घरी, जुनी लेन्स विकणाऱ्यासमोर, कुठेही दोन मिनिटांत खरंखोटं कळतं.

आता उलट बाजूनेही विचार करा. पाच-सहा सेंटिमीटर पंख पसरलेलं फुलपाखरू तुम्हाला अख्खं हवंय, तर एकास एक काय कामाचं? फुल फ्रेमवर एकास दोनला ७२ मिलिमीटर मावतात, फुलपाखरू छान बसतं. फुलं, चतुर, नाणी, दागिने यांतलं बरंचसं काम एकास दोनवर भागतं. आणि एकास दोनपर्यंतच जाणाऱ्या जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स फारशा कुणी मागत नाही, म्हणून त्या स्वस्त मिळतात. टॅमरॉनची ९० मिलिमीटर घ्या. १९७९ साली ती एफ/२.५ आणि एकास दोन अशी आली (एफचा आकडा सांगतो लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, किती उघडं; आकडा मोठा तितकं भोक लहान), एकास एक झाली १९९६ साली. ती पहिलीसुद्धा आज उत्तम चालते. मुंग्या, मावा, उड्या मारणारे छोटे कोळी, पुंकेसरांवरचे परागकण असला नाद असेल, तर मात्र एकास एकच्या खाली समाधान होणार नाही.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'यातली शार्प कुठली?' मी सांगतो, सगळ्या. लोकांना वाटतं मी टाळतोय. पण या लेन्सचं मूळ बघा. किल्फिट कंपनीची माक्रो-किलार ही ३५ मिलिमीटर फिल्मच्या एसएलआरसाठी (आरशामुळे लेन्समधूनच बघता येणारा कॅमेरा) आलेली पहिली मॅक्रो लेन्स, १९५५ सालची. पुढच्याच वर्षी निकॉनची मायक्रो-निक्कोर आली. ती किड्यांसाठी बनवलेलीच नव्हती. कागदपत्रांची मायक्रोफिल्म, म्हणजे फिल्मवर अगदी लहान करून घेतलेली नक्कल, काढायची होती आणि कांजी लिपीतली बारीक, गिचमिड अक्षरं कोपऱ्यापर्यंत स्वच्छ वाचता यायला हवी होती. (निकॉनवाले आजही 'मॅक्रो' न म्हणता 'मायक्रो' म्हणतात. यादी चाळताना गोंधळू नका.) सपाट कागद कडेपर्यंत रेखीव उमटवणं हे या जातीच्या लेन्सचं जन्मापासूनचं काम. त्यामुळे नावाजलेल्या कंपनीची तीस वर्षांपूर्वीची मॅक्रो आणि आजची महागडी मॅक्रो यांत एफ/८ ला फरक शोधायला तुम्हाला भिंग लागेल.

मग जादा पैसे जातात कशाला? शांत आणि चपळ ऑटोफोकसला, स्टॅबिलायझेशनला, धूळ-पाण्यापासून बचावाला. पोर्ट्रेट काढताना या गोष्टींचा उपयोग आहे. पण एकास एकला, फुल फ्रेमवर, एफ/८ ला फोकसमध्ये असणाऱ्या पट्ट्याची जाडी असते जेमतेम एक मिलिमीटर. बँकेच्या कार्डाहून किंचित जास्त. फूल वाऱ्याने तेवढं हलतंच, आणि तुम्हीही उभ्या उभ्या त्याहून जास्त डोलता. ऑटोफोकस तिथे मागेपुढे शोधत बसतो. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर पकडतं, पण पुढे-मागे झालेलं अंग त्याला सावरता येत नाही. म्हणून काम करणारे लोक फोकसची रिंग हव्या त्या प्रमाणावर ठेवतात, नंतर तिला हात लावत नाहीत, आणि श्वास धरून स्वतःच हळूहळू पुढे सरकत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबतात. पाच-सहा फोटोंतला एक लागतो. हे असंच चालतं. तेव्हा ऑटोफोकसला सरळ काट मारा, बजेट एकदम मोकळं होतं. टीटीआर्टिसन, सेव्हनआर्टिसन्स या कंपन्यांच्या एकास एकपर्यंत जाणाऱ्या लेन्स पूर्ण मॅन्युअल आहेत, म्हणूनच परवडतात. निकॉनच्या जुन्या डी मालिकेतल्या ६० आणि १०५ मिलिमीटरच्या मायक्रो घ्या. डी-३००० किंवा डी-५००० मालिकेच्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, त्यामुळे तिथे त्यांचा ऑटोफोकस चालत नाही, आणि लोक त्या नाकारतात. मॅक्रोवाल्याने खुशाल उचलाव्यात.

जिथे कंजूषपणा नडतो ती गोष्ट वेगळी: अंतर.

लेन्सच्या माहितीत 'किमान फोकस अंतर ३० सेंटिमीटर' असं लिहिलेलं असतं. ते मोजतात सेन्सरपासून. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की काचेपासून किड्यापर्यंत खरोखर उरणारी जागा कळते, त्याला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. १०० मिलिमीटरच्या लेन्सला एकास एकला साधारण १३ ते १५ सेंटिमीटर उरतात. कॅननच्या ६० मिलिमीटरला नऊच्या आसपास. आणि निकॉनची एपीएस-सीसाठीची ४० मिलिमीटर, दिसायला गोंडस, वजनाला हलकी, किमतीलाही सोपी, तिला साडेतीन. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे किती ते बोटांनी धरून बघा. तेवढ्या अंतरावर लेन्सची सावली किड्यावर पडते. किडा त्याआधीच उडालेला असतो ही वेगळी गोष्ट. दागिने, टपाल तिकिटं, घड्याळाचे भाग अशा हलत नसलेल्या वस्तूंना ४० मिलिमीटर चालेल. बाहेर जिवंत काही टिपायचं असेल तर ९० ते १०५ च्या खाली जाऊ नका. एपीएस-सीवर ६० पर्यंत ओढून-ताणून. सल्ला म्हणून एकच वाक्य लिहून घ्यायचं असेल तर हेच घ्या.

लेन्स विकतच घ्यायची नसेल तर? तीन वाटा आहेत.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ नळी. ती लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्या नावातला मिलिमीटरचा आकडा), तेवढं प्रमाण वाढतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली तर अर्ध्याने. तीच ट्यूब २०० मिलिमीटरला लावली तर फक्त एक-अष्टमांशाने, म्हणजे लांब लेन्सला ट्यूब लावून फारसं हाती लागत नाही. घेताना विजेच्या कॉन्टॅक्टवाली घ्या. बिनकॉन्टॅक्टच्या ट्यूबवर इलेक्ट्रॉनिक लेन्सचं ॲपर्चर बदलताच येत नाही.

लांब लेन्ससाठी क्लोज-अप काच, जी पुढून फिल्टरसारखी बसते. एकेरी काचेचे चार-चार फिल्टरचे संच मिळतात, त्यांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार येते. ते सोडून द्या. दोन-तीन काचा जोडून रंगदोष काढलेल्या घ्या. रेनॉक्सची डीसीआर-१५० आहे ४.८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखी काचेची ताकद), डीसीआर-२५० आहे ८ ची. हिशेब सोपा: १००० भागिले डायॉप्टर. ८ डायॉप्टर म्हणजे १२५ मिलिमीटर. मागची लेन्स अनंतावर ठेवली की वस्तू काचेपासून साधारण तेवढ्याच अंतरावर फोकस होते, मग झूम कितीही फिरवा. आणि झूमची फोकल लेंग्थ भागिले १२५, हे तुमचं प्रमाण.

आता तो माझा फसवा झूम आठवा. २५० वर ठेवून पुढे डीसीआर-२५० चिकटवली: २५० भागिले १२५, दुप्पट! पुन्हा पट्टी धरली तर पूर्ण रुंदीत जेमतेम बारा मिलिमीटर. हा घ्या कबूल केलेला कोळी. अंगाने सहा मिलिमीटर, अर्धी फ्रेम त्याचीच. समोरचे दोन मोठे डोळे आणि त्यात दिसणारं पांढरं चौकोनी काहीतरी, ते माझ्या फ्लॅशवरच्या कागदाचं प्रतिबिंब.

तिसरी वाट म्हणजे लेन्स उलटी लावणं, तिच्याकडे शेवटी येतो.

तो पांढरा चौकोन खरं तर लेन्सइतकाच महत्त्वाचा. एकास एकला लेन्स पुढे सरकल्यामुळे सेन्सरवर नेहमीच्या पाव हिस्साच प्रकाश पोचतो. एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. एफ/१६ ठेवाल तर ते होतं एफ/३२, आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने, चित्र मऊ पडतं. म्हणजे डेप्थ, तो फोकसमधला पट्टा, वाढवायला ॲपर्चर बंद करत जायचं म्हटलं तर तिकडूनही दार बंद. उरतो फ्लॅश. कमी शक्तीवर त्याची चमक सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपते, तेवढ्यात ना तुम्ही हलता ना वारा. जुना, मॅन्युअल, कुठल्याही कंपनीचा चालेल. पण त्याच्या तोंडावर पॅकिंगचा पांढरा फोम किंवा ट्रेसिंग पेपर लावून तो शक्य तितका किड्याजवळ आणा, नाहीतर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो आणि बाकी सगळं काळं. माझ्या ओळखीचे काही जण नव्या लेन्ससाठी पैसे साठवताहेत आणि त्यांच्याकडे अजून फ्लॅश नाही. मला ते कळत नाही.

जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असणारच, त्याने काही बिघडत नाही. मुळांच्या तंतूंसारखी बारीक जाळी दिसली तर ती बुरशी. मी एकदा 'पुसली की जाईल' या बोलण्यावर विश्वास ठेवला. पुसल्यावर जाळी गेली, पण कोटिंगवर, म्हणजे काचेवरच्या पातळ लेपावर, तिने कोरलेली नक्षी राहिली, आणि उजेडाकडे तोंड केलं की प्रत्येक फोटो धुरकट. मग ॲपर्चरची पाती उघडझाप करून बघा. त्यांवर तेलाची तकतकी असेल तर ती उद्या अडकतील. शेवटी लेन्स एकास एकवर नेऊन तोंड खाली करून धरा. नळी स्वतःच्या वजनाने घसरत असेल तर फुलावर रोखून काम करताना रोज तोच ताप होणार.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: 'माझ्याकडे फक्त किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) आहे, आज घरी जाऊन काय करू?' उलटी लावा. फिल्टरच्या आट्यांवर बसणारी रिव्हर्स रिंग ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू. ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की साधारण एकास एक, २८ ची लावली की त्याच्या दुपटीच्या आसपास. अडचण ॲपर्चरची. कॅननच्या इलेक्ट्रॉनिक लेन्स उलट्या लावल्या की पूर्ण उघड्या राहतात, निकॉनच्या अंगठी नसलेल्या लेन्स मिटून बसतात. म्हणून अंगावर ॲपर्चरची अंगठी असलेली जुनी लेन्स बरी. टेबलावर २८ आणि ५० अशा दोन ठेवल्यात, रिंगाही आहेत आणि पट्टी तर आहेच. ज्यांनी कॅमेरे आणलेत त्यांनी पुढे या. एवढंच सांभाळा, उलटी लावल्यावर मागची काच पुढे येते आणि तिला झाकण नसतं. बोट लावू नका, आणि पट्टीवर आपटू नका.