मोजलेली रोपं आणि वेगळी रोपं

नमस्कार. समोर वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, दर पावसाळ्यात डोंगर पालथे घालणारी मंडळी आहेत आणि काही द्राक्षबागायतदारही आहेत. आजचा विषय डोंगरावरच्या वनस्पतींची जनुकीय विविधता कशी मोजायची हा आहे, पण बागायतदारही समोर आहेत म्हणून सुरुवात बागेपासून करू.

थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाची बाग घ्या. खुंट, म्हणजे कलम ज्यावर बांधतात तो खालचा भाग, बाजूला ठेवू, वरच्या वेलाचंच पान घेऊ. पन्नास वेलांची पानं तपासली तरी डीएनएचा नमुना एकच येतो, कारण सगळे वेल एकाच वेलाच्या काड्यांवरून वाढवलेले. तास-ए-गणेश हा थॉमसनमध्येच आपोआप झालेल्या बदलातून निवडलेला वाण. बागायतदाराला तो मण्यावरून ओळखता येतो, पण नेहमीच्या मायक्रोसॅटेलाइट मार्करला (डीएनएत ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची लांबी बघणाऱ्या खुणेला) तो थॉमसनपासून वेगळा काढता येत नाही. बदल डीएनएच्या एखाद्या जागी झालेला असतो आणि मार्कर बघतो दुसऱ्याच दहा-पंधरा जागा. बागेत हजार वेल मोजले, तरी जनुकीय हिशेबात तो एकच वेल.

आता नाशिकजवळच्या अंजनेरीचं पठार घ्या. या डोंगराचं नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, इथूनच २००६ साली शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली. अशा जातीची रोपं मोजून यादी करणं हे मोलाचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण दोनशे रोपं मोजली म्हणजे दोनशे वेगळी रोपं मिळाली असं होत नाही. त्यातली किती एकाच आईची, किती एकमेकांची सख्खी भावंडं, किती बाहेरून आलेल्या परागातून झालेली, हे डोळ्यांना दिसत नाही. मार्करचं काम इथे सुरू होतं.

हे कळून काय करायचं, असा प्रश्न येतो. प्रजननात खरोखर वाटा उचलणाऱ्या रोपांच्या संख्येला परिणामकारक संख्या म्हणतात. ती प्रत्यक्ष मोजणीपेक्षा बहुतेक वेळा बरीच कमी असते. ही संख्या ५० असेल, तर दर पिढीला विषमयुग्मजता, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे अ‍ॅलील (जनुकाची रूपं) असण्याचं प्रमाण, सुमारे १ टक्क्याने घटते. १० असेल तर ५ टक्क्यांनी, म्हणजे दहा पिढ्यांत जवळजवळ ४० टक्के गेली. विरळ अ‍ॅलील त्याच्याही आधी नाहीसे होतात. डोंगर हिरवागार दिसत असतानाच हे घडत असतं.

माझं आजचं मुख्य म्हणणं असं की या अभ्यासाचं उत्तर बऱ्याच अंशी डोंगरावर, पान तोडतानाच ठरतं. पुढचं यंत्र कितीही महाग असो, चुकीच्या नमुन्यातून बरोबर उत्तर ते काढू शकत नाही. म्हणून नमुन्यांवर जास्त वेळ घेतो.

प्रत्येक डोंगरावरून किती रोपं घ्यायची? ज्या अ‍ॅलीलचं प्रमाण ५ टक्के आहे, तो ३० रोपांत एकदा तरी सापडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते, कारण ३० द्विगुणित (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेली) रोपं म्हणजे प्रत्येक जनुकस्थानाच्या ६० प्रती. हाच अ‍ॅलील १ टक्का प्रमाणात असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे १५० रोपं लागतात. म्हणून साधारण अभ्यासात प्रत्येक ठिकाणाहून २५ ते ३० रोपं घेतात. डोंगरावर १२च असतील तर बाराही घ्या. एका पठारावरून ६० आणि शेजारच्यावरून ८ असं करू नका. तुलना करताना साठांत जास्त अ‍ॅलील दिसणारच, आणि त्याला विविधता समजण्याची चूक होते.

पायवाटेला लागून मिळतील तेवढी पानं घेतली, तर हाती एकच कुटुंब येतं. कंदीलपुष्पाचं बी रेशमी तंतूंच्या पुंजक्यावर वाऱ्याने जातं खरं, पण बरंचसं बी आईच्या आसपासच पडतं. पठाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळ धरून चाला आणि ठरावीक अंतर सोडून घ्या. प्रत्येक रोपाची जागा जीपीएसवर नोंदवा. कड्याखाली उपग्रहांचे संदेश अडतात आणि जागा बरीच चुकते, म्हणून तिथे मोकळ्यावरचा एक बिंदू घेऊन टेपने अंतर मोजावं. कारवीचं आणखी वेगळं आहे. ती काही वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते, त्यामुळे एका उतारावरची सगळी कारवी बहुधा एकाच वयाची, एकाच पिढीची. तिथे ‘मोठी आणि रोपटी’ अशी तुलना करता येत नाही. इतर दीर्घायुषी झाडांत मात्र ती जरूर करा. आजचे जुने वृक्ष जंगल सलग होतं तेव्हाच्या परागीकरणातले आहेत, त्यांची विविधता चांगलीच येणार. नुकसान झालं असेल तर ते आधी रोपट्यांत दिसतं.

पान कोवळं, बुरशी आणि किडीचे ठिपके नसलेलं घ्या. छोट्या रोपाचं अर्धं पानही पुरतं. कंद उकरण्याचं कारण नाही. ऑगस्टच्या पावसात पान भिजलेलं असतं, ते टिपकागदाने कोरडं करून कागदी पाकिटात घाला आणि पाकीट सिलिका जेलमध्ये ठेवा. पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका हवी. पान चोवीस तासांत कुरकुरीत झालं पाहिजे आणि हिरवं राहिलं पाहिजे. तपकिरी पडलं तर सुकायला वेळ लागला, पॉलिफिनॉल डीएनएला चिकटले आणि डीएनए तुटला असं समजा. रंग बदललेली सिलिका लगेच बदला. नाव पेन्सिलीने लिहा, शाई स्पिरिटने पुसली जाते. डोंगरागणिक एक नमुना दाबून, सुकवून हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) द्या. जात ओळखण्यात चूक झाली असेल तर पुढे तपासायला तेवढाच पुरावा राहतो. रोपं दहाच असतील तर दाबायला रोप काढू नका, फुलाचे नीट फोटो आणि स्पिरिटमध्ये एक फूल पुरे. वनखात्याची परवानगी आधी, आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवूनच डोंगर चढा.

प्रयोगशाळेत पानातून डीएनए काढायला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सीटॅब या डिटर्जंटची पद्धत चालते. २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, त्यात १ ते २ टक्के पीव्हीपी आणि वापरण्याआधी मर्कॅप्टोइथेनॉल. सुकं पान २० मिलिग्रॅम पुरे. बारीक पूड करून ६०-६५ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवायचं, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ प्रमाणात घालून फिरवायचं. वरचा थर काढताना शेवटचे ५०-१०० मायक्रोलिटर सोडून द्या, मधला पांढरा पापुद्रा वर आला की पुढचं सगळं बिघडतं. मग थंड आयसोप्रोपेनॉल, ७० टक्के इथेनॉलने धुणं आणि थोड्या टीई बफरमध्ये विरघळवणं. क्लोरोफॉर्म आणि मर्कॅप्टोइथेनॉलचं काम धूरपेटीतच.

कंदीलपुष्पाचं पान गुबगुबीत आणि चिकट. त्यातून डीएनएऐवजी पारदर्शक जेलीसारखा गोळा येतो, तो विरघळत नाही आणि जेलवर डीएनए खाचेतच अडकून बसतो. हा पिष्टमय चिकटपणा आहे. उपाय दोन: सीटॅबच्या आधी पुडीला सॉर्बिटॉलच्या द्रावणाने एक-दोन वेळा धुवा, आणि मीठ २ ते २.५ मोलरपर्यंत वाढवा. प्रकाशशोषणावरून डीएनएची शुद्धता दाखवणारं २६०/२८० गुणोत्तर १.८च्या आसपास आलं म्हणून खूश होऊ नका, २६०/२३०सुद्धा बघा. ते १च्या खाली असेल तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) चालत नाही, आणि मुलं प्रायमर (प्रती जिथून सुरू होतात ते डीएनएचे छोटे तुकडे) बदलत बसतात. आधी त्याच डीएनएचं दहापट विरळण करून पाहा. विरळ केल्यावर पट्टा आला तर दोष प्रायमरचा नाही, अडथळा आणणाऱ्या द्रव्याचा आहे.

आता मार्कर कोणता. आरएपीडी, म्हणजे कुठल्याही छोट्या प्रायमरने डीएनएचे पट्टे काढणारा मार्कर, १९९० साली आलं, स्वस्त होतं, आपल्याकडच्या असंख्य प्रबंधांत वापरलं गेलं. पण तापमान थोडं बदललं, पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती बनवणारं विकर) दुसरं घेतलं तरी पट्टे बदलतात. नव्या कामासाठी ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९४चं आयएसएसआर त्यापेक्षा बरं, तरी दोन्हींत पट्टा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच कळतं. दोन्ही अ‍ॅलील सारखे की वेगळे हे कळत नाही, म्हणून विषमयुग्मजता थेट मोजता येत नाही. मायक्रोसॅटेलाइटमध्ये दोन्ही अ‍ॅलील दिसतात. दहा-पंधरा चांगल्या जागा आणि केशिका यंत्रावर लांबीचं मोजमाप, एवढ्यात डोंगर-डोंगरांतला फरक आणि आई-मुलांचं नातं दोन्ही निघतं. साध्या अ‍ॅगरोज जेलवर दोन अक्षरांचा फरक दिसत नाही, तो हट्ट सोडावा. हजारो एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) देणारी आरएडी पद्धत २००८ची. पैसा आणि संगणकाची माणसं असतील तर आज तीच घ्यावी. आणि एक गल्लत टाळा: आरबीसीएल, मॅटके या जनुकांचे बारकोड जात ओळखायला आहेत. एकाच जातीतल्या रोपांत ते बहुधा सारखेच येतात, त्यावरून विविधता सांगता येत नाही.

दर दहा नमुन्यांमागे एक नमुना पानापासून पुन्हा करा आणि चुकांचं प्रमाण प्रबंधात छापा. ते नसेल तर आकड्यांवर विश्वास ठेवायला आधार नाही.

आकडे वाचताना सगळ्यांत जास्त घाई विषमयुग्मजतेच्या तुटीबाबत, म्हणजे ती अपेक्षेपेक्षा कमी भरण्याबाबत, होते. तूट दिसली की ‘अंतःप्रजनन’ (जवळच्या नात्यातलं प्रजनन) असं लिहून मोकळे. थांबा. प्रायमर बसण्याच्या जागी बदल झाला असेल तर एक अ‍ॅलील उमटतच नाही आणि तूट खोटी दिसते, पण ती एक-दोन जागांवरच. अंतःप्रजनन असेल तर सगळ्या जागांवर थोडीफार दिसते. तिसरं कारण, दोन वेगळे गट तुम्ही एक समजून मिसळलेत, पठाराची पूर्व कड आणि पश्चिम कड. म्हणूनच जागा नोंदवायला सांगत होतो. डोंगरांतला फरक एफएसटी या ० ते १ मधल्या आकड्याने मोजतात, ० म्हणजे फरक नाही. सिद्धान्तानुसार दर पिढीला एक रोप इकडून तिकडे पोचत असेल तर एफएसटी सुमारे ०.२ राहतो. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी नकाशावर शेजारी आहेत, पण पराग नेणाऱ्या छोट्या माशीला मधली शेतं आणि रस्ता ओलांडणं किती जमतं, हे असा आकडाच सांगेल.

शेवटी बियांचं. कंदीलपुष्पात परागकण पुंजक्याने एकत्र जातात, त्यामुळे एका शेंगेतल्या सगळ्या बिया बहुधा एकाच आईबापाच्या. एका शेंगेतून शंभर रोपं तयार करून डोंगरावर लावली, तर शंभर सख्खी भावंडं लावली. वीस-तीस आया निवडा, प्रत्येकीची एकच शेंग आणि त्यातलं थोडंच बी घ्या, प्रत्येक पिशवीवर आईचा क्रमांक ठेवा आणि रोप त्याच डोंगरावर परत न्या. एखाद्या डोंगरावर विविधता इतकी खालावली असेल की दुसऱ्या डोंगराचं बी मिसळण्यावाचून गत्यंतर नाही, तर आधी रोपवाटिकेत संकर करून बघा. पहिल्या पिढीतले संकर जोमदार दिसतात. तोटा असला तर तो अनेकदा दुसऱ्या पिढीत उघड होतो. दुसऱ्या पिढीचं बी रुजून फुलेपर्यंत मिश्र रोपं पठारावर नेऊ नका.