आधी काय दळलंय?

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. लहान हात बिस्किटाचा पुडा उलटा करतात.)

माझी भाची दहा वर्षांची आहे. बिस्किटाचा पुडा हातात पडला की ती आधी तो उलटा करते. पुढचं चित्र, मोठ्या अक्षरातलं नाव, 'वीस टक्के जास्त', यातलं काही बघत नाही. मागची बारीक अक्षरं वाचते. गहू. मैदा. रवा. माल्ट. यातला एक शब्द सापडला की पुडा परत जागेवर. कुरकुर नाही, रडणं नाही. मला तिचं ते न रडणंच जास्त लागतं.

तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की येणारा चिवटपणा, पोळी लाटताना ती ताणली जाते पण फाटत नाही, ही सगळी ग्लूटेनची करामत. भाचीच्या पोटात ते गेलं की शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. अन्न शोषून घेणारे तिथले बारीक केसांसारखे उंचवटे झिजतात. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. तिची उंची अडली होती, हिमोग्लोबिन वर येत नव्हतं आणि आम्ही घरातले सगळे "नीट खात नाहीस" म्हणून तिलाच बोलत होतो. मीसुद्धा. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लूटेन बंद, एवढाच उपाय. आणि हो, नुसती शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नका. रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो.

हा व्हिडिओ शूट करणारा माझा मित्र वेगळ्याच कारणानं पुडे उलटे करतो. तो व्हेगन आहे. दूध, तूप, दही, मध, काही नाही. ज्या कृष्णाकाठी पाहुण्याला आधी चहा विचारतात, तिथं हा "कोरा चालेल" म्हणतो आणि लोक विचारतात, "उपास हाय का?"

तर आम्ही तिघं, मी, ताई म्हणजे भाचीची आई, आणि हा कॅमेरावाला, सांगलीत बिस्किटं शोधत फिरलो. दोघांनाही चालेल असं एक तरी बिस्किट.

(दृश्य : गणपती पेठेजवळची गल्ली, सकाळ. भट्टीतून खारीचे पत्रे बाहेर येतात.)

पहिली बेकरी जुनी. भिंत काळी, काउंटर लाकडी, बरण्यांची झाकणं चेपलेली. मालकांना अख्खी गल्ली मामा म्हणते, म्हणून आम्हीही मामाच म्हटलं.

"मामा, दूध-तूप-अंडं काहीच नाही असं काय आहे?"

"सगळं एगलेस आहे की!"

सांगलीत जैन गिऱ्हाईक मोठं. त्यामुळे 'एगलेस'ची पाटी इथल्या बेकऱ्यांना नवी नाही. पण पुष्कळ काउंटरवर एगलेस, शुगर फ्री, व्हेगन, ग्लूटेन फ्री ही सगळी एकाच घरातली भावंडं मानली जातात. आडनाव 'पथ्याची'.

मामांनी मग बोटं दुमडत नानकटाईचा हिशोब सांगितला. मैदा, पिठी साखर, डालडा, सोडा, वेलदोडा. संपलं. मित्रानं कॅमेरा खाली ठेवला. दूध नाही, लोणी नाही. 'व्हेगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. मामांना तो आमच्याकडून पहिल्यांदा कळला, पण त्यांच्या वडिलांपासून बरणीत व्हेगन नानकटाई आहे. तूप परवडत नाही म्हणून. शेजारच्या बरणीवर 'शुद्ध तुपातली' अशी चिठ्ठी, भाव दुप्पट. ती मित्राला बाद. स्वस्तातली चालते. व्हेगन माणसाला स्वस्तातलं चालतंय, असा प्रसंग त्याच्या आयुष्यात हा पहिलाच असावा.

चव? वर तडा गेलेली, कडा फिकट तपकिरी. दातानं तोडायची गरज नाही, जिभेनं टाळूवर दाबली की पीठ होते. पण नंतर टाळूला एक पातळ मेणचट थर राहतो, तो चहानंच जातो. तूप ते तूप, हे मी मित्रासमोर बोलले आणि त्यानं ते कापलं नाही, याबद्दल आभार. वनस्पती तूप बदनाम झालं ते ट्रान्स फॅटमुळे, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला वाईट अशा चरबीमुळे. जानेवारी २०२२ पासून अशा तेला-तुपांत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही.

भाचीसाठी इथं काहीच नव्हतं. मामांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "ज्वारीचं पीठ घेऊन या की. भाजून देतो."

पूर्वी आम्ही असंच करायचो. मे महिन्याच्या सुट्टीत घरून आटा, साखर, डालडा पिशवीत घालून बेकरीत जायचं, नंबर लावायचा, आपल्या पिठाची बिस्किटं आपल्यासमोर पत्र्यावर पडताना बघायची आणि पत्र्याचा डबा भरून घरी. गरम डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसायचं काम माझं.

ताईनं उत्तर द्यायच्या आधी वर पाहिलं. मीही पाहिलं. बल्बवर पांढरी साय. वायरीवर, कॅलेंडरच्या वरच्या कडेवर, पंख्याच्या पात्यांवर, मामांच्या भुवयांवर मैदा.

आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानं 'ग्लूटेन फ्री' म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. आता हिशोब करा. मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं, त्यातलं बहुतेक ग्लूटेन. म्हणजे एक किलो बिस्किटांत पाव ग्रॅम मैदा पडला की संपलं. पाव ग्रॅम म्हणजे जेमतेम चिमूट. त्या पंख्याच्या एका पात्यावर त्याहून जास्त होता.

"नको मामा," ताई म्हणाली, "तुमच्या हवेतच मैदा आहे." मामांनी वर बघितलं, हसले आणि भुवया पुसल्या.

(दृश्य : विश्रामबाग. काचेचं काउंटर, पिवळे दिवे.)

इथं पाटीवरच लिहिलंय, 'व्हेगन आणि ग्लूटेन फ्री कुकीज'. इथं बिस्किट नसतं, कुकी असते. चार कुकींच्या पैशांत मामांकडे डबा भरला असता.

बदामाचं पीठ, खोबरेल तेल, खजूर, काळं चॉकलेट. चवीला, खरं सांगायचं तर, उत्तम. बाहेरून कडक, मध्ये ओलसर, चॉकलेटचा कडवटपणा खजुरावर बरोबर बसतो. एक अडचण खोबरेल तेलाची. ते साधारण २४ अंशाला वितळतं, आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. गाडीत ठेवलेल्या दोन कुकी अर्ध्या तासात कागदावर तेलाचा डाग सोडून बसल्या. हिवाळ्यात याच कुकी चांगल्या लागत असणार.

मित्रानं चॉकलेटच्या पाकिटाची मागची बाजू मागितली. काळं चॉकलेट असलं तरी त्यात कधीकधी दुधाची पावडर निघते. इथं नव्हती. त्याला मिळालं. बंद पुड्यावर तर आता खूण शोधायची सोय आहे. २०२२ च्या व्हेगन नियमांनुसार हिरव्या चौकटीतलं 'व्ही' अक्षर, वर एक पान. आपला नेहमीचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारात दूध आलं.

ताई मात्र कुकीकडे बघतच नव्हती. ती चिमट्याकडे बघत होती. काउंटरवरच्या मुलानं त्या चिमट्यानं आधी मैद्याचं क्रोसाँ उचललं, कुणाला तरी दिलं, आणि त्याच चिमट्यानं आमच्या कुकी. वर क्रोसाँचा चुरा तसाच. तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, कुकीत ग्लूटेन नाहीये." आणि त्याचं खोटं नव्हतं. कुकीत नव्हतं. कुकीवर होतं.

मित्राला कपभर चुऱ्यानंही काही होत नाही, त्याचा प्रश्न तत्त्वाचा. भाचीचा प्रश्न कणाचा. पाटीवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितात, म्हणून ते एकाच वजनाचे वाटतात.

(दृश्य : मारुती रोड. दुकानाबाहेर टांगलेले पुड्यांचे हार.)

इथं फार वेळ घालवत नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या पुड्यावर नाचणीचं कणीस आहे. आम्ही नाचणीची पाच पाकिटं घेतली. पाचही उलटी केली. चारांत पहिला घटक गव्हाचं पीठ किंवा मैदा. नाचणी रंगापुरती. पाचव्यात माल्ट, म्हणजे बहुधा जव. भाचीला नाचणीचं सत्त्व चालतं, नाचणीचं बिस्किट चालत नाही, हे कुणाला समजावत बसायचं? डबीतल्या हिंगाचंही तेच. बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. हे कळल्यापासून ताईच्या फोडणीत हिंगच नाही.

(दृश्य : शंभर फुटी रोडच्या आत एक बंगली. दारात रांगोळी, पडवीत घरघंटी.)

या काकू घरीच बिस्किटं करतात. पाटी नाही. ताईला त्यांचा पत्ता मिळाला तो दुसऱ्या एका सिलिअ‍ॅक मुलाच्या आईकडून. दारात चप्पल काढायच्या आधी काकूंनी विचारलं, "पिशवीत पाव-बिस्किट काही आहे का? बाहेरच ठेवा." ताईचा चेहरा तेव्हाच सैल झाला.

काकूंचा हट्ट पडवीपासून सुरू होतो. आपल्याकडे गिरणीत डबा ठेवताना प्रत्येक बाई विचारते, "आधी काय दळलंय?" गव्हावर ज्वारी टाकली की भाकरी बिघडते, म्हणून. काकू तोच प्रश्न वेगळ्या कारणानं विचारायच्या, आणि उत्तरावर विश्वास बसेना म्हणून त्यांनी घरघंटी घेतली. तिच्यात ज्वारी आणि तांदूळ सोडून कधीच काही पडलं नाही.

ज्वारी जतकडची, शाळू. पीठ त्या आधी मंद आचेवर भाजतात, वास बदलेपर्यंत. कच्च्या ज्वारीच्या पिठाचं बिस्किट घशाला बसतं, तोठरा बसतो. मग गूळ, शेंगदाण्याचं कूट, शेंगतेल, सुंठ, आणि चिरलेला बेदाणा. तो तर इथलाच.

"ज्वारीला चिकटपणा नाही, मग बांधता कशानं?" मी विचारलं.

"आधी उकड काढून बघितली," काकू म्हणाल्या. "भाकरीला काढतो तशी. बिस्किट नाही, दामटी झाली. कुत्र्यानं पण नाही खाल्ली." मग जवस सापडलं. जवसाची पूड गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. दोन चमचे पुरतात.

आणि मग त्या जे बोलल्या ते मी या अख्ख्या फेरीत पहिल्यांदा ऐकलं. "अगं, बिस्किटाला चिवटपणा हवाच कुठं असतो? करंजीला मोहन कशाला घालतो आपण? चिवटपणा येऊ नये म्हणूनच ना! पावाला ग्लूटेन लागतं. नानकटाईला ते नडतं. मग ज्वारीची नानकटाई का नाही व्हायची?"

बरोबरच आहे. तेल-तूप पिठाच्या कणावर बसतं, पाणी आत शिरू देत नाही, ग्लूटेन तयार होत नाही, म्हणून खुसखुशीत. आजवर मोहन घालून आपण ग्लूटेनलाच अडवत आलो. ज्वारीत ते काम आधीच झालेलं असतं.

चव. पहिला घास कोरडा. दुसऱ्या घासाला शेंगदाणा सुटतो, मग गूळ, आणि गिळल्यावर मागे सुंठ. कडा रवाळ. हातात उचलताना कोपरा तुटतो, डब्याच्या तळाशी भुगा राहतो. तो मी चमच्यानं खाल्ला. विश्रामबागेतली कुकी दिसायला देखणी होती, पण ती कुठल्याही शहरातली असू शकली असती. दोष सांगायचा तर गुळाचा. गूळ हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात ही बिस्किटं दोन दिवसांत मऊ पडतात. काकू जून ते सप्टेंबर ऑर्डरच घेत नाहीत.

मित्रानं कॅमेरा माझ्याकडे दिला आणि सलग चार खाल्ली. दूध नाही, तूप नाही. काकूंना तो व्हेगन आहे हे सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे वारकरी का?" वारकरी दूध पितात, हे सांगायच्या भानगडीत तो पडला नाही.

काकूंनी निघताना आमच्याकडून डबा मागितला. त्या प्लॅस्टिकच्या पुड्यात देत नाहीत. ताईनं घरून आणला होता, स्टीलचा, आजीच्या वेळचा, राखेनं घासून पांढरा केलेला.

(दृश्य : पुन्हा तोच ओटा. संध्याकाळ. डबा.)

भाची शाळेतून आली. "मावशी, हे मी खाऊ?" विचारता विचारता तिनं डबा उचलला आणि सवयीनं उलटा केला. आतली बिस्किटं खडखडली. ताई "अगं, अगं!" म्हणेपर्यंत ती बुडाशी कोरलेली बारीक अक्षरं वाचायला लागली होती. आजीचं नाव, आणि खाली साल.

"यात गहू नाही," ती म्हणाली, आणि झाकण उघडलं.