वखारीचं दार

(वखारीचं जुनं लाकडी दार उघडतं. आत उजेडाची एकच तिरीप.)

आधी येतो वास. तंबाखू जाऊन वर्षं झाली, तरी भिंतींत मुरून राहिलेला. निपाणीच्या या वखारीत बायका ओळीनं बसून तंबाखू चाळायच्या, नाकातोंडाला पदर बांधून. माझी आजी त्यांतलीच. याच तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते.

आता इथं गावाची सामाईक कार्यशाळा उभी राहते आहे. ज्याला जे घडवायचं, दुरुस्त करायचं, त्यानं यावं, हत्यार हाती घ्यावं. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा, सुरू झाली, तीही खेड्यातच. ती पाहिली आणि आमचा धीर वाढला.

(छपरावर कौलं उतरवणारे हात.)

काम सुरू झालं वरून. छपराचा भार पेलणाऱ्या कैच्या ठणठणीत निघाल्या. जिथं कौल फुटून पाणी झिरपलं, तिथल्याच वाशांची टोकं कुजली होती. तेवढी बदलली. मधूनमधून काचेची कौलं बसवली आणि ऊन थेट जमिनीवर उतरलं.

कोरडा झाडू मात्र कुणी मारायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. तंबाखूची भुकटी उडते, छातीत बसते. इथल्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या, मग चुना दिला. सिमेंटचा गिलावा स्वस्त पडला असता, पण दगड-चुन्याच्या भिंतीतली ओल त्यानं आतच कोंडली असती.

लेथ आणि वेल्डिंगसाठी थ्री फेज जोडणी, नवं अर्थिंग, यंत्र झटकन बंद करायला हाताशी येईल असं लाल बटण. लेथखाली स्वतंत्र काँक्रीटचा पाया. सुतारकाम वेगळ्या खोलीत, कारण ठिणगी आणि भुसा शेजारी नकोत. पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये.

(ग्राइंडरचा आवाज.)

पहिलं काम आलं कडबाकुट्टीच्या बोथट पात्याचं. घेऊन आलेल्या मावशी आजीच्या शेजारी बसून तंबाखू चाळायच्या. त्या डोळ्यांवर चष्मा चढवतात, पातं दोन्ही हातांनी धरतात. पदर कमरेला घट्ट खोचलेला.