माईंचे दोन तानपुरे

मे महिन्यात साळावली धरणाचे पाणी ओसरू लागले की दक्षिण गोव्यातल्या सांगे तालुक्यातले कुर्डी हे गाव काही आठवड्यांपुरते वर येते. वर येते म्हणजे घरांची जोती दिसू लागतात, विहिरींचे काठ दिसतात, माडांचे काळे पडलेले बुंधे आणि भेगाळलेला गाळ दिसतो. १९८०च्या दशकात गाव पाण्याखाली गेले, तेव्हा उठून गेलेली माणसे या दिवसांत इथे परत येतात, देवाचा उत्सव करतात, आपले घर नेमके कुठे होते ते नातवंडांना दाखवतात आणि पावसाच्या आत माघारी जातात. ज्यांनी हे गाव कधी पाहिलेले नाही, अशा गाण्याच्या जाणकारांनाही त्याचे नाव ठाऊक असते, ते एका आडनावामुळे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी याच गावात झाला. शिष्यांच्या आणि घरच्यांच्या त्या माई.

माईंच्या आयुष्याची गोष्ट खरे तर त्यांच्या आईपासून सुरू होते. जयश्रीबाईंना आपल्या मुलीने मोठी गायिका व्हावे असे वाटत होते, आणि देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या गोव्यातल्या कलावंत घरांत अशी इच्छा बाळगणे म्हणजे काय काय सोसणे, याची त्यांना पुरेपूर कल्पना असणार. मुलगी दहा वर्षांची झाली तोच, १९१४ साली, जयश्रीबाई गेल्या. पुढची काही वर्षे नाटक मंडळ्यांत गेली. पुरुषांनी लुगडे नेसून नायिका रंगवण्याच्या त्या काळात सातारकर स्त्री संगीत मंडळी ही बायकांची मंडळी होती, आणि तिथे छोट्या मोगूने भूमिका केल्या, पदे म्हटली, नाचाचे धडेही घेतले. मंडळी सुटल्यावर तब्येतीच्या उपचारासाठी ती सांगलीला आली आणि तिथेच तिच्या गाण्याला वळण लागले.

१९१९च्या सुमाराची ही हकिकत गाणाऱ्यांच्या घरांत अजून सांगितली जाते. मोगू रियाझ करत असताना रस्त्याने जाणारे एक वृद्ध गृहस्थ थांबत, ऐकत आणि निघून जात. एके दिवशी ते आत आले आणि मी शिकवतो म्हणाले. ते जयपूर घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ होते. सुमारे दीड वर्षाच्या तालमीनंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि त्यांच्या मागोमाग माईंनीही मुंबई गाठली. परंतु तिथे खाँसाहेबांची तालीम लगेच मिळाली नाही. मधल्या काळात आग्रा घराण्याचे बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ, पुढे खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे त्या शिकत राहिल्या, आणि १९३४ साली अखेर खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधला.

या सनापाशी जरा थांबायला हवे. गंडा बांधला गेला तेव्हा माई तिशीला पोहोचल्या होत्या आणि थोरली लेक किशोरी, म्हणजे पुढे विख्यात झालेल्या गायिका किशोरी आमोणकर, जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. म्हणजे त्या घरात आई स्वतःच विद्यार्थिनी होती. गुरूंकडून मिळालेली चीज, म्हणजे बंदिश, घासायची, ती घोटता घोटता मुलांचेही पाहायचे, असा तो दिनक्रम असणार. १९३९ साली पती माधवदास भाटिया यांचे निधन झाले आणि तीन मुलांचा भार एकट्या माईंवर आला. घर चालवायचे ते गाण्यावरच, आणि बायकांच्या गाण्याकडे पाहण्याची त्या काळची नजर आपल्याला माहीत आहे.

मैफलींना माई किशोरीला सोबत नेत. पाठीमागे बसून तानपुरा धरणाऱ्या त्या मुलीने पुढचे गाणे ऐकले, तसे गाण्याआधीचे आणि नंतरचेही सारे पाहिले: तिसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास, कुणाच्या तरी घरी मिळालेली कशीबशी जागा, तुटपुंजी बिदागी. आपण गाऊ लागलो की हे चालवून घ्यायचे नाही, हे तेव्हाच ठरवल्याचे किशोरीताई पुढे सांगत. त्यांच्या करारीपणाच्या आख्यायिका आपण चवीने सांगतो, पण त्या तानपुऱ्यामागच्या मुलीची आठवण ठेवून सांगणारे थोडे.

शिकवताना माई बंदिशीचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा, दोनदा गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात प्रत्येक वळण, प्रत्येक कण उचलायचा. ऐकणाऱ्याला यात कठोरपणा दिसेल. किशोरीताईंना मात्र त्यातून एकाग्रता मिळाली, असे त्याच सांगत. आणि ही आई लेकीला आपल्याच अंगणात कोंडून ठेवणारीही नव्हती. आग्रा घराण्याचे अन्वर हुसेन खाँ, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर, ग्वाल्हेरचे शरच्चंद्र आरोलकर अशा निरनिराळ्या वाटांवरच्या गुरूंकडे किशोरीताई शिकल्या. कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले गायकही माईंकडे शिकले.

आता माईंचे एक जुने ध्वनिमुद्रण ऐकू या. आवाज मोठा नाही, गोडव्याचा आग्रह नाही. तीनतालाचे सोळा मात्रांचे आवर्तन बेताच्या लयीत चालले आहे, आणि ‘आ’ उच्चारून गायलेला आकार त्या लयीशी असा बांधलेला आहे की दोन मात्रांच्या मधली जागाही रिकामी सुटत नाही. स्वरवाक्य वळसे घेत पुढे सरकते, बोल नेमक्या अंशावर पडतात, आता सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कशी गाठणार अशी शंका आपल्याला येते न येते तोच मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, सहज समेवर येऊन बसतो. जयपूर घराण्याच्या गाण्यात हा हिशेब असतोच, पण माईंच्या गळ्यात तो हिशेब म्हणून जाणवत नाही. नायकी कानडा, सावनी, किंवा एरवी मालकंसात वर्ज्य असलेले रिषभ आणि पंचम हे स्वर घेणारा संपूर्ण मालकंस, हे या घराण्याचे अवघड राग त्यांनी उभ्या आयुष्यात घोटले. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७४ साली पद्मभूषण मिळाले, तोवर त्यांची सत्तरी आली होती.

१९६४ साली किशोरीताई एका हिंदी चित्रपटासाठी गायल्या. माईंनी भांडण काढले नाही. चित्रपटात गायचे असेल तर माझ्या दोन तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, एवढेच बजावले. तानपुरा जुळवताना ज्याने पाहिला आहे त्याला या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. खुंटी पिळायची, मणी केसभर सरकवायचा, घोडीवर तारेखाली घातलेला सुताचा दोरा नखाने मागेपुढे करत जवारी, म्हणजे तारेचा भरदार गुंजारव, खुलेपर्यंत कान लावून बसायचे. त्या घरात मुलांना सगळ्यांत आधी ऐकू आला असेल तो हाच नाद, आणि त्याला पारखे करण्यापेक्षा मोठी शिक्षा माईंपाशी नव्हती. किशोरीताई चित्रपटाच्या वाटेने पुढे फारशा गेल्या नाहीत. घराण्याच्या चौकटीतून मात्र त्या बाहेर पडल्या, रागाच्या भावाचा शोध घेत आलापीला मोकळे सोडले आणि त्यासाठी टीकाही सोसली. माईंचे गाणे आणि लेकीचे गाणे एकापाठोपाठ ऐकले तर दोन्ही एकाच घरातली आहेत हे क्षणभर खरे वाटत नाही. मग एखादी तान समेकडे निघते आणि नाते ओळखू येते.

१० फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या ९७व्या वर्षी माई गेल्या. पुढच्याच वर्षी किशोरीताईंना पद्मविभूषण मिळाले. उतारवयातल्या त्यांच्या मैफलींत मागे तानपुरा घेऊन त्यांची नात तेजश्री बसत असे, म्हणजे माईंची पणती. व्यासपीठावर दिवे लागतात, श्रोत्यांची कुजबुज अजून थांबलेली नसते, किशोरीताई डोळे मिटून षड्ज ऐकत असतात आणि समाधान न झाल्याने मागे वळून जोडाच्या, म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या, तारेची खुंटी स्वतःच पिळतात.