सलग तीस वर्षांची अट

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०१४ साली कर्करोगाच्या आणि वारंवार झटके येणाऱ्या रुग्णांसाठी कमी नशेच्या औषधी गांजाला परवानगी दिली. तो पिकवून विकण्याचे अवघे पाच परवाने ठेवण्यात आले. परवाना मागणाऱ्याची रोपवाटिका राज्यात सलग ३० वर्षे नोंदलेली असावी, तिची क्षमता ४ लाख रोपांची असावी आणि त्याने ५० लाख डॉलरची हमी द्यावी, अशा अटी त्या कायद्यात होत्या. त्यांपैकी तीस वर्षांच्या अटीविषयी मला आज विशेष बोलायचे आहे.

रुग्णाच्या पोटात जाणारे औषध अनुभवी माणसाने पिकवावे, ही अपेक्षा रास्तच आहे. शिवाय या अटीत वंशाचा किंवा वर्णाचा उल्लेखही नाही. परंतु २०१४ मधून तीस वर्षे वजा केली, की आपण १९८४ सालात जाऊन पोहोचतो, आणि तिथे या अटीचा खरा अर्थ उलगडतो. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्ज आणि साहाय्य देताना अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने भेदभाव केला, या तक्रारीवर ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ हा खटला उभा राहिला आणि १९९९ साली त्यात तडजोड मंजूर झाली. तो खटला १९८१ ते १९९६ या काळातील अन्यायाविषयी होता. पेरणीच्या हंगामात ज्याला कर्ज नाकारले गेले किंवा हंगाम उलटल्यावर मिळाले, त्याने त्याच वर्षांत मोठी रोपवाटिका उभारून ती अखंड चालवलेली असावी, अशी अपेक्षा हा कायदा नकळत करत होता. १९२० साली त्या देशात ९ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ही संख्या ५० हजारांच्या आसपास आहे. अशा स्थितीत तीस वर्षांची अट सर्वांना सारखी लागू होती, असे म्हणणे मला अपुरे वाटते.

याला आणखी एक बाजू आहे. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, गांजाचे सेवन दोन्ही समाजांत जवळपास सारखेच असूनही, तो बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या ३.७३ पट होते. ज्या झाडापायी एका समाजातील तरुण तुरुंगात गेले, त्याच झाडाचा कायदेशीर व्यापार सुरू होताना अनेक राज्यांनी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना परवान्यापासून दूर ठेवले. परवान्यांच्या वाटपात सामाजिक न्याय हवा, ही मागणी यातूनच पुढे आली, आणि मला ती पूर्णपणे योग्य वाटते.

मात्र तिची अंमलबजावणी कायद्याच्या दृष्टीने सोपी नाही. मेरिलँडमध्ये सुमारे तीस टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही, २०१६ साली लागवडीसाठी निवडलेल्या १५ कंपन्यांत कृष्णवर्णीयांच्या मालकीची एकही नव्हती. परवाने वाढवण्यासाठी २०१८ साली नवा कायदा करावा लागला. ओहायोने याउलट आरंभीच, २०१६ च्या कायद्यात, अल्पसंख्याक गटांसाठी १५ टक्के परवाने राखून ठेवले. परंतु राखीव परवाना मिळालेल्यांपेक्षा अधिक गुण असूनही डावलल्या गेलेल्या एका कंपनीने दावा लावला आणि २०१८ साली तेथील न्यायालयाने ही तरतूद समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. त्या देशात वंशाच्या आधारे सवलत द्यायची, तर त्या विशिष्ट क्षेत्रात भेदभाव झाल्याचा ठोस पुरावा सरकारला द्यावा लागतो. नव्यानेच जन्मलेल्या धंद्यात असा पुरावा आणायचा कुठून, हा प्रश्न मला फार मूलभूत वाटतो.

फ्लोरिडाने या दृष्टीने निराळी वाट काढली. २०१७ च्या कायद्याने एक परवाना पिगफर्ड खटल्यातील शेतकऱ्यासाठी राखून ठेवला. म्हणजे निकष वर्णाचा न राहता न्यायालयात नोंदल्या गेलेल्या अन्यायाचा झाला. हा विचार मला मोलाचा वाटतो. पण तो परवाना जाहीर व्हायला २०२२ साल उजाडले. १९९९ साली जो शेतकरी पंचेचाळिशीत होता, त्याने तोवर पासष्टी ओलांडली होती. इतर कंपन्यांनी दरम्यान राज्यभर दुकाने थाटली होती. फ्लोरिडात लागवड, प्रक्रिया आणि विक्री या तिन्ही गोष्टी परवानाधारकानेच करायच्या असल्याने भांडवलही फार मोठे लागते, आणि केंद्रीय कायद्याने गांजा निषिद्ध असल्यामुळे बहुतेक बँका या धंद्याला कर्ज देत नाहीत.

आणि अर्जाचे शुल्क? पहिल्या पाच परवान्यांच्या वेळी ते ६० हजार डॉलरच्या आसपास होते. कर्ज नाकारले गेलेल्या शेतकऱ्यांसाठी राखलेल्या या एका परवान्याकरिता राज्याने ते १ लाख ४६ हजार डॉलर ठेवले, आणि परवाना मिळो न मिळो, ती रक्कम परत मिळणार नव्हती.