एका पेपरचं अख्खं वर्ष

(दृश्य: रत्नागिरीचा एसटी स्टँड, पावसाळी सकाळ)

इंजिनिअरिंगची पदवी कागदावर चार वर्षांची, आठ सेमिस्टरची. तरी काही मुलं पाचव्या वर्षीही याच एसटीने कॉलेजला जाताना दिसतात. त्यांचं गाडं बहुतेकदा पहिल्याच सेमिस्टरला अडलेलं असतं, ‘एम-वन’मध्ये. म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात.

सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, पर्याय निवडायचा असतो. इथे मॅट्रिक्स, पार्शियल डिफरन्सिएशन पायऱ्यांसकट लिहायचं. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या लांबल्या की सेमिस्टर आखडतं आणि शिकवणं धावतं. त्यात गणपती. त्या दिवसांत कोकणातलं पोर हॉस्टेलवर थांबेल, ही अपेक्षाच चुकीची! परत येतं तेव्हा टेस्ट दारात. ८०-२०च्या पद्धतीत लेखीत ८० पैकी ३२ हवेत, अंतर्गत २० पैकी ८ वेगळे. इकडची तूट तिकडून भरत नाही.

राहिला विषय की केटी, म्हणजे तो मागे ठेवून पुढे जायचं आणि पेपर पुन्हा द्यायचा. खरी गोम अशी, की केटीमुळे वर्ष लगेच जात नाही. ठरावीक विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात बसता येतं, म्हणून मुलं निर्धास्त होतात. पण तिसऱ्या वर्षात जायला पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं, चौथ्यात जायला दुसरं. दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात, ऐन आंब्याच्या हंगामात, एम-वन पुन्हा राहिला आणि मध्ये फेरपरीक्षा नसली, की पाचवं सेमिस्टर त्या मुलाशिवाय सुरू होतं. डिसेंबरात पेपर सुटला तरी ते सेमिस्टर तोवर संपलेलं असतं. म्हणजे पुढच्या जुलैपर्यंत घरी. यालाच मुलं ‘इयर डाऊन’ म्हणतात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना एम-वन, एम-टू नसतात. पण आल्या आल्या लाप्लास, फूरिएचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, समोर येतो. तो राहिला तर ती मुलं चौथ्या वर्षाच्या दारात अडकतात.

(दृश्य: परीक्षेचं वेळापत्रक)

तीन केट्या आणि चालू सेमिस्टरचे पाच विषय, म्हणजे एका हंगामात आठ पेपर. सगळ्यांना सारखा वेळ दिला तर सगळेच कच्चे राहतात. चौथ्या सेमिस्टरला असाल तर आधी पहिल्या वर्षाच्या केट्या. तिसऱ्या सेमिस्टरच्या केटीला अजून संधी आहे. रीव्हॅल्युएशनला, म्हणजे फेरतपासणीला, टाकलेल्या पेपरचाही केटीचा फॉर्म भरून ठेवा. निकाल फॉर्मच्या शेवटच्या तारखेनंतर लागला, तर ती परीक्षा हुकते.